गुरुवारच्या गटातल्या हिरव्या बांगड्या

मला त्या गटात जायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. डाव्या छातीचं ऑपरेशन झालं, सगळ्या केमो झाल्या, डोक्यावर उंदराच्या पाठीवर असतात तेवढे केस पुन्हा उगवले, आणि मग घरच्यांनी ठरवलं की मला आता माणसांत न्यायला हवं. म्हणजे इतके दिवस मी कुणात होते कोण जाणे. नवरा रिटायर झालेला, त्यामुळे त्याला दिवसभर माझ्यामागे बिटाचा रस घेऊन फिरण्यावाचून काम नव्हतं. मुलगी पुण्याहून रोज फोन करायची. "आई, तू आता आजारी नाहीयेस, तू चिडकी झालीयेस," असं ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, चिडकी मी तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे, ते श्रेय कॅन्सरला देऊ नकोस.

खरंच आहे ते. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. शॉपमधून पार्ट माझ्या टेबलावर यायचा, मी मोजायची, आणि केसभर जरी फरक असला तरी लाल टॅग लावून परत पाठवायची. अनेक बाप्यांनी माझ्या नावाने बोटं मोडली. "मॅडम, एवढ्याने काय होतंय?" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. एवढ्यानेच होतं. मी तोंडावर ओरडायची, आणि ओरडल्यावर पुढच्या वेळी पार्ट बरोबर यायचा. गोड बोलून बरोबर झालेला एकही पार्ट मी पाहिलेला नाही.

तर गट. मुंबई नाक्याच्या पुढच्या एका हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर, फिजिओथेरपीच्या खोलीत, दर गुरुवारी अकरा वाजता. मी पहिल्यांदा गेले ती गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. भिंतीवर सूर्यफुलांचं पोस्टर आणि त्यावर 'तू योद्धा आहेस'. योद्धा! मला कुणी विचारून युद्धावर पाठवलं होतं का? मी टेबलावर पडले, त्यांनी कापलं, मी घरी आले. यात लढले कधी मी?

आमची समुपदेशक मुलगी तिशीची असेल. गुळगुळीत आवाज, सुती कुर्ता, मान नेहमी एका बाजूला कललेली. ती मला 'काकू' म्हणायची, आणि प्रत्येक काकूनंतर थोडं थांबायची, जणू मला लागलं तर नाही ना ते बघायला. तिच्याकडे एक पिवळा स्पंजचा चेंडू होता, त्यावर हसरा चेहरा काढलेला. ज्याच्या हातात चेंडू त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलायचं नसेल तर 'पास' म्हणून पुढे टाकायचा. पन्नाशी-साठीच्या बायका एकमेकींकडे चेंडू टाकत बसलेल्या बघून मला हसावं की उठून जावं कळेना. नवरा खाली गाडीत बसून होता म्हणून बसले.

त्या पहिल्याच गुरुवारी चेंडू पंचवटीतल्या एका बाईंकडे गेला. घरात पिढीजात पौरोहित्य, नाकात मोत्याची नथनी, बोलणं अगदी स्वच्छ. त्या म्हणाल्या की तीन केमो अजून बाकी आहेत, पण त्या आता जाणार नाहीत. कुणीतरी एक काढा दिलाय, तो सुरू केल्यापासून फार प्रसन्न वाटतं. समुपदेशक मुलगी मान कलवून म्हणाली, "तुम्हाला प्रसन्न वाटतंय, हे किती महत्त्वाचं आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

माझ्याकडे चेंडू नव्हता. तरी मी बोलले. "मरायचंय का तुम्हाला?" मी विचारलं. "प्रसन्न वाटायला काय, मोगऱ्याचा गजरा माळला तरी वाटतं. केमो अर्धवट सोडून काढा पिताय, आणि इथे सांगताय वर? घरातलं कुणी अडवत नाही का तुम्हाला? उद्या फोन करा डॉक्टरांना. उद्या कशाला, आत्ता करा."

बाई रडायला लागल्या. खोलीत जे काही झालं त्याला समुपदेशक मुलीने नंतर 'ट्रिगर होणं' म्हटलं. मला बाहेर घेऊन ती म्हणाली, "काकू, तुमच्या भावना खऱ्या आहेत, पण ही जागा सुरक्षित ठेवायची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे." पुढच्या गुरुवारी गेले तर फळ्यावर निळ्या शाईत लिहिलेलं: सल्ला नाही. टीका नाही. फक्त ऐकणं. सगळ्यांनी ते वाचलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरीही बातमी पोचली होती. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तिथे तरी कुणावर खेकसू नकोस ना." नवऱ्याने रसाचा पेला पुढे करत तेच सांगितलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बरं, म्हटलं. ऐकणंच हवंय ना? बघाच आता. या खोलीत माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही, मग छप्पर कोसळत असलं तरी. चेंडू माझ्याकडे आला की मी 'पास' म्हणायची आणि तो असा टाकायची की पुढचीला उठून उचलावा लागावा.

बोलायचं नाही म्हटल्यावर बघण्यावाचून दुसरं काम उरत नाही. आणि बघणं तर माझा पोटापाण्याचा धंदाच होता.

माझ्या अगदी समोर दिंडोरीकडची एक बाई बसायची. माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. उन्हाने रापलेली, डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल. घरची द्राक्षबाग होती, आणि छाटणीला तिच्या हाताइतका चपळ हात आसपासच्या चार मळ्यांत नव्हता, असं ती स्वतःच सांगायची, आणि ते सांगताना तिचा चेहरा एकदम उजळायचा. तिचं ऑपरेशनही डाव्याच बाजूचं, माझ्या वर्षभर आधीचं. चेंडू झेलला की हातातल्या बांगड्या वाजायच्या. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, डझन डझन.

त्या बांगड्यांची हकिगत तिने दुसऱ्या गुरुवारी सांगितली. "मालकांचं काळजाचं ऑपरेशन झालं चैत्रात. माझं निस्तरलं न निस्तरलं तोच त्यांचं. वाचतील का नाय, सांगता येत नव्हतं. घरी आणलं त्या दिवशी सासूबाईंनी कासाराला बोलावलं आन् हिरवा चुडा भरला मला. म्हनल्या, ह्यो आता उतरायचा नाय."

आता हे आमच्या सगळ्यांना ऑपरेशननंतर एका कागदावर छापून दिलेलं होतं. ज्या बाजूचं ऑपरेशन, त्या हाताच्या काखेतल्या गाठी काढलेल्या असतात, त्यामुळे तो हात सुजू शकतो. त्या हातात सुई नको, रक्तदाबाचा पट्टा नको, बांगडी नको, अंगठी नको, ओझं नको, साधा ओरखडाही नको. मी माझं घड्याळसुद्धा उजव्या मनगटावर आणलं होतं. आणि ही बाई त्या हातात डझनभर काच घालून छाटणीच्या हंगामाला निघाली होती.

समुपदेशक मुलीला हे दिसलं नाही असं नाही. तिने मान कलवून सांगितलंही. "तुमची मनाची तयारी होईल ना, तेव्हा त्या हातातल्या काढायचा विचार करा हं. काही घाई नाही." दिंडोरीच्या बाईने मान डोलावली. घाई नाही म्हटल्यावर कोण कशाला करेल? आणि मनाची तयारी? नवरा जिवंत असताना हातातली काच फोडायची मनाची तयारी? आमच्याकडे बांगड्या फोडल्या असा शब्दसुद्धा सवाष्णीच्या घरात काढत नाहीत, वाढवल्या म्हणतात. जुन्या वाढवल्या तर कासार त्याच बैठकीला नव्या भरतो, हात मोकळा राहू देत नाही. रिकामा हात म्हणजे काय, ते त्या खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. त्या मुलीलाही असणार, पण तिच्या अभ्यासक्रमात ते बसत नसावं.

मी गप्प बसले. फळ्याकडे बघितलं आणि गप्प बसले.

तिसऱ्या गुरुवारी बांगड्या मनगटाभोवती फिरेनाशा झाल्या होत्या. आधी ती बोलता बोलता त्या उगाच फिरवायची, आता फिरवायला गेली तर कातडी सोबत ओढली जायची. मी खुर्चीतूनच मोजलं. त्याच दिवशी पंचवटीच्या काकू परत आल्या, आणि त्यांच्या उजव्या हातावर सलाइनच्या सुईची चिकटपट्टी होती. केमो पुन्हा सुरू केल्याचं त्यांनी हळूच सांगितलं. समुपदेशक मुलीचे डोळे पाणावले. "ही आपल्या गटाची ताकद आहे," ती म्हणाली. गटाची! मला मनातून इतकं हसू आलं की मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिंडोरीच्या बाईने मात्र पाहिलं. एकदा काकूंकडे, एकदा माझ्याकडे.

चौथ्या गुरुवारी तिने चेंडू झेलला आणि आवाजच झाला नाही. बांगड्या वाजतच नव्हत्या. वाजायला एकीला दुसरीवर आपटायला जागा लागते. त्या मांसात रुतून ओळीने बसल्या होत्या, आणि त्यांच्या वरचा हात फुगलेला, खालचा पंजा चकचकीत. आधी पदराखाली झाकून ठेवायची तो हात, त्या दिवशी तिने पदर मागे सारून मांडीवर उताणा ठेवला होता. माझ्या बरोबर समोर. मला वाटलं, दुखतोय म्हणून मोकळा ठेवलाय. मी रागाने नुसती धुमसत होते. तिच्यावर, तिच्या सासूवर, त्या मुलीवर, फळ्यावर. आणि खरं सांगायचं तर त्या रागात मजाही होती. बघू या, म्हटलं, यांच्या सुरक्षित जागेत कुणाला कधी दिसतंय. मला टीका करू नका म्हणता ना? मग घ्या.

इतक्या थराला जाऊ शकतं माझं मन, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पाचव्या गुरुवारी बागेची छाटणी सुरू झालेली होती. तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर काडीचा ओरखडा होता, बोटभर लांब, कडेने लाल. ती हसत म्हणाली की दोन दिवसांत अर्धा एकर एकटीने उरकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समुपदेशक मुलगी म्हणाली, "बघा, आयुष्य पुन्हा हातात घेणं म्हणजे हेच." दिंडोरीच्या बाईने चेंडू उजव्या हाताने माझ्याकडे टाकला. खरं तर तो डावीकडच्या बाईकडे जायला हवा होता, क्रम तसा होता. मी तो झेलला. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. लाल रेघ मला दिसत होती, ओरखड्यापासून वर निघालेली, पहिल्या बांगडीखाली शिरलेली.

"पास," मी म्हणाले.

पुढच्या गुरुवारी तिची खुर्ची रिकामी होती. समुपदेशक मुलीने सांगितलं की तिला हुडहुडी भरून ताप आला, हातात जंतुसंसर्ग झाला, सोमवारी याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर दाखल केलंय. "आपण सगळ्या डोळे मिटून तिला चांगली ऊर्जा पाठवू या," ती म्हणाली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उठले आणि जिना चढले. डाव्या हाताने कठडा धरायचा नाही हेही त्या दिवशी विसरले.

ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. डावा हात उशांवर उंच ठेवलेला, कोपरापर्यंत बँडेज, बाहेर निघालेली बोटं गाजरासारखी ताठ. उजव्या हातात आता बांगड्यांचा दुप्पट जुडगा. मला बघून तिने उठायचा प्रयत्न केला, मी हातानेच पडून राहा म्हटलं.

"वाढवल्या बगा," ती म्हणाली. "मला शुद्ध नव्हती. नर्सबाईंनी चिमट्यानं एकेक वाढवल्या म्हनं, ट्रेमदी टाकल्या. मालक तिथंच हुबे व्हते."

"कसे आहेत ते?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"ते? ते ठणठणीत हायेत. खाली चहा प्यायला गेलेत." ती थोडं हसली. मग बँडेजकडे बघत म्हणाली, "डाक्टर म्हनले, सूज आता पुरी उतरनार नाय. बोटं अशीच राहत्याल. कात्री धरायची नाय परत."

मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. छाटणीला चार मळ्यांत जोड नसलेला तो हात उशीवर होता, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवून गेल्यासारखा.

"तुमाला दिसत व्हतं ना, मॅडम?" तिने विचारलं. विचारण्यात तक्रार नव्हती. शेजारणीला, कुकरची शिट्टी ऐकली का, असं विचारावं तसं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मला वाटायचं तुमी बोलताल. म्हनून तर तुमच्या म्होरंच बसायची. हात उघडा टाकून. म्हनलं, आज रागावतील, आज रागावतील. त्या पंचवटीच्या काकूंना रागावल्या तर त्या गेल्या ना परत केमोला? माज्याच येळंला तुमी पास म्हनायच्या."

"तुम्हाला माहीत होतं की काढायला हव्यात?"

"येडी हाय का मी? दुखत व्हतं की. पन मी सोताहून कशी काढनार, सांगा. मालकांना उद्या काय झालं असतं तर सासूबाईंनी जल्मभर माज्याकडं बोट केलं असतं. सासूबाईंचं सोडा, मीच केलं असतं. ती पोरगी लय ग्वाड बोलती, पन ग्वाड बोलनाऱ्याचं नाव सांगून घरी भागत नाय. तुमी चार लोकांत तडातडा बोलल्या असत्या, तितंच वाढवायला लावल्या असत्या, तर मी घरी सांगितलं असतं, काय करू, एक कडक मॅडम हायेत, त्यांच्यापुडं कुनाचं चालत नाय. इषय मिटला असता."

आयुष्यभर जे मी न मागता सगळ्यांना वाटत फिरले, ते या एका बाईला माझ्याकडून हवं होतं. दोन गुरुवार ती माझ्यासमोर हात मांडून बसली होती. आणि मी दिलं नाही. एका पोरीने फळ्यावर चार शब्द लिहिले म्हणून, माझा अपमान झाला म्हणून, मी ती लाल रेघ बांगडीखाली शिरताना बघत बसले. कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणी असा पार्ट दिसत असून सोडला असता, तर मी त्याला नोकरीवर ठेवला नसता.

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे शब्द मी माझ्या नवऱ्यालाही कधी म्हटलेले नाहीत.

तिने नाक मुरडलं. "तसलं नका बोलू. घरात सोमवारपास्नं समदे तसलंच बोलत्यात. सासूबाईसुदिक. ग्वाड बोलाय लागले की मी समजते, काय तरी लय वंगाळ झालंय." मग उजव्या हाताने तिने माझं मनगट धरलं, बांगड्या खळखळ वाजल्या. "आता तरी रागवा की, मॅडम."

मला वाटलं होतं की मला जमणार नाही. पण तोंड उघडलं आणि निघालंच. "अक्कल कुठे गेली होती?" मी म्हणाले. "तीन गुरुवार! डोळ्यांसमोर हात सुजतोय, बांगड्या वाजायच्या थांबल्यात, रेघ वर चढतेय, आणि तोंडाला कुलूप? कशाची वाट बघत होतात? कुणीतरी येऊन सांगेल म्हणून? एक शब्द, एक शब्द बोलायला काय झालं होतं? हात गेला ना? गेला ना एवढा चांगला हात?" माझा आवाज चढत गेला, आणि चढता चढता फाटला. समोरच्या खाटेवरची बाई उठून बसली. दिंडोरीची बाई उशीवर मान टेकून, डोळे मिटून ऐकत होती, आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैलावलेला दिसत होता. मी तिच्याकडे बघत नव्हतेच. मी खिडकीच्या काचेत बघत होते.

नर्स धावत आली. "अहो मावशी, हळू. पेशंटला रागावताय का?"

"नाही," मी म्हणाले.